पॅनिक अटॅक : घाबरलेल्या जिवाला घराने कसे सांभाळावे?

"जीव घाबरा होतोय" हे वाक्य आपल्या घरांत नवीन नाही. बहुतेक वेळा आपण लिंबू-पाणी देतो, पंखा वाढवतो, पाठीवरून हात फिरवतो आणि थोड्या वेळाने विषय संपतो. पण काही घरांत तो संपत नाही. पंचविशीतली सून भांडी घासता घासता अचानक भिंत धरून उभी राहते. छाती इतकी धडधडते की ठोके कानात ऐकू येतात. हातापायांना मुंग्या येतात, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, अंग घामाने भिजते. "मी आता वाचत नाही" एवढेच ती कसेबसे बोलते. घरचे रिक्षा करून दवाखान्यात नेतात. ईसीजी काढतात, तो व्यवस्थित असतो. साखरही ठीक असते. "काही नाही, टेन्शन आहे," असे सांगून डॉक्टर एक गोळी देतात आणि घरी पाठवतात.

खरा त्रास तिथून पुढे सुरू होतो. रिपोर्टमध्ये काही नाही म्हटल्यावर सासूला ते काम टाळायचे निमित्त वाटते. नवऱ्याला वाटते नजर लागली. शेजारीण हळूच सांगते, "बाहेरचे असेल, कोणाला तरी दाखवा." आणि जिला त्रास झाला तिच्या मनात एकच विचार घर करतो की आपण वेड्या होत चाललो आहोत. आठ-पंधरा दिवसांनी तसेच पुन्हा होते. मग ती एकटीने बाजारात जायचे बंद करते.

पुरुषांचीही यातून सुटका नाही. फरक इतकाच की पुरुष त्याला 'गॅस' म्हणतात. बायकांमध्ये हा विकार पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतो आणि बहुधा तो ऐन तारुण्यात सुरू होतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, निकाह, बाळंतपण या धावपळीच्या वर्षांत. म्हणूनच एका माणसाचा आजार सगळ्या घराचा होऊन बसतो. या अटॅकमध्ये काय घडते, त्या वेळी काय करावे आणि घरच्यांनी कसे वागावे, हे आम्ही इथे शक्य तितक्या सोप्या भाषेत मांडत आहोत.

शरीरात नेमके काय होते?

समोरून भरधाव ट्रक आला तर आपण विचार करत बसत नाही, उडी मारून बाजूला होतो. त्या एका क्षणात शरीरात अ‍ॅड्रिनलिन नावाचे द्रव्य सुटते. पळता यावे म्हणून हृदय जोरात धडकते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात, घाम सुटतो. अल्लाहने जीव वाचवण्यासाठी दिलेली ही व्यवस्था आहे. पॅनिक अटॅकमध्ये हीच व्यवस्था समोर ट्रक नसताना चालू होते. चोर नसताना दुकानाचा भोंगा वाजावा, तसा हा प्रकार आहे. भोंगा खरा असतो, त्याचा आवाजही खरा असतो, फक्त चोर नसतो.

घाबरल्यावर माणूस भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. चक्कर येणे, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येणे, आजूबाजूचे सगळे खोटे किंवा स्वप्नासारखे वाटणे, हे बऱ्याच अंशी त्यामुळे होते. माणसाला वाटते हवा कमी पडते आहे. प्रत्यक्षात तो गरजेपेक्षा जास्त हवा घेत असतो.

यानंतर मन आपला अर्थ लावते. धडधड म्हणजे हार्ट अटॅक, चक्कर म्हणजे आता कोसळणार, सगळे परके वाटते म्हणजे वेड लागले. त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड त्या विचाराला पुरावा देते. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली हे चक्र नीट मांडून दाखवले. आजच्या समुपदेशनाचा मोठा भाग त्यावर उभा आहे.

लक्षात ठेवण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की हा अटॅक काही मिनिटांतच शिखराला पोहोचतो, बहुधा दहा मिनिटांच्या आत. मग तो उतरू लागतो आणि साधारण अर्ध्या तासात ओसरतो. शरीर फार वेळ हा भोंगा वाजवत ठेवू शकत नाही. त्या वेळी कितीही खरे वाटले तरी पॅनिक अटॅकने माणूस मरत नाही आणि वेडाही होत नाही. "आता चक्कर येऊन पडणार" असे वाटते, पण बेशुद्ध होणेही क्वचितच घडते, कारण त्या वेळी रक्तदाब उतरत नाही, उलट थोडा चढतो.

हा आजार मोबाइलच्या जमान्यात निघाला, असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. अमेरिकेतील डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड 1871 साली नोंदवून ठेवली होती. हृदयात दोष सापडत नव्हता, तरी ते धट्टेकट्टे जवान छाती धरून बसत. पुढे 1980 मध्ये अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात 'पॅनिक डिसऑर्डर' हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला. रणांगणावर उभ्या राहिलेल्या माणसांना जे झाले, त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणणे बरोबर नाही.

आधी हृदयाची तपासणी

हे सगळे वाचून कोणी छातीतली कळ घरीच 'पॅनिक' ठरवू नये. पहिल्यांदा असा त्रास झाला तर दवाखान्यात जाणे हेच शहाणपण आहे. दुखणे चालताना किंवा जिना चढताना वाढत असेल, जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात जात असेल, विश्रांती घेऊनही थांबत नसेल, वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह, रक्तदाब किंवा तंबाखूची सवय असेल, तर क्षणही न दवडता 108 ला फोन करावा. बायकांमध्ये हृदयविकाराची लक्षणे कधी कधी नेहमीसारखी नसतात. नुसता दम लागणे, मळमळ, प्रचंड थकवा असेही त्याचे रूप असू शकते.

थायरॉइड वाढणे, रक्त कमी असणे, साखर उतरणे, दमा, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता यांमुळेही अशीच धडधड होते. या तपासण्या एकदा नीट करून घ्याव्यात. पण एकदा त्या चांगल्या आल्या की दर महिन्याला नवा डॉक्टर आणि नवा ईसीजी करत फिरू नये. प्रत्येक नवी तपासणी चार दिवस धीर देते आणि पाचव्या दिवशी शंका पुन्हा उभी राहते.

अटॅक आला त्या क्षणी

पहिली गोष्ट म्हणजे त्याला नाव द्यावे. मनात किंवा मोठ्याने म्हणावे, "हा पॅनिक अटॅक आहे. याआधी आला होता, गेला होता. आताही जाईल." ही वाक्ये आधीच कागदावर लिहून पाकिटात किंवा मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवावीत. भीतीच्या भरात नवे काही सुचत नाही, पण लिहिलेले वाचता येते.

दुसरी गोष्ट श्वासाची. लोक सांगतात, "मोठा श्वास घे." त्याने त्रास वाढतो. श्वास मोठा नको, सावकाश हवा. नाकाने चार मोजत आत घ्यावा आणि सहा मोजत बाहेर सोडावा. पोट हलले पाहिजे, खांदे नाहीत. बाहेर सोडण्याला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. श्वास सोडताना जोडीला सावकाश जिक्र केला तर पुष्कळांना बरे वाटते, तोही करावा. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय मात्र करू नये. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असेल तर तो धोक्याचा ठरतो.

तिसरी गोष्ट म्हणजे लक्ष शरीरावरून काढून बाहेर न्यावे. समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घ्यावीत, चार गोष्टींना हात लावावा, तीन आवाज ऐकावेत. पाय जमिनीवर घट्ट टेकवावेत. काहींना श्वासाकडे लक्ष दिल्याने भीती जास्त वाटते, त्यांनी हाच मार्ग धरावा.

चौथी गोष्ट सगळ्यांत कठीण आहे, पण तिचाच उपयोग सगळ्यांत जास्त. शक्य असेल तर तिथून पळू नये. लोकलच्या महिला डब्यात असाल तर पुढच्याच स्टेशनला उतरण्याऐवजी दाराजवळची हवा घेत उभे राहावे. गर्दीत नकाबाआड गुदमरल्यासारखे वाटले तर बाजूला, पंख्याखाली होऊन तो सैल करावा. कापडातून हवा येत असते, पण घाबरलेल्या मनाला तेवढी मोकळीक दिल्याने काही बिघडत नाही. जमाअतमध्ये असे झाले तर खाली बसावे. आजारी माणसाला बसून नमाज अदा करण्याची सवलत आहेच. लाट अंगावरून जाऊ द्यायची, तिच्याशी झुंजायचे नाही. ती आपोआप उतरते, हे शरीराने एकदा अनुभवले की पुढची लाट थोडी लहान येते.

भीतीची भीती

एखादा-दुसरा अटॅक अनेकांना आयुष्यात कधी तरी येतो आणि तिथेच संपतो. आजार होतो तो पुढच्या अटॅकच्या भीतीने. ज्या ठिकाणी तो आला ते ठिकाण माणूस टाळू लागतो. आधी लोकल सुटते, मग बाजार, मग लग्नकार्य. जुम्म्याला एखादा तरुण सगळ्यात मागच्या सफमध्ये, दाराजवळ उभा राहतो आणि काही दिवसांनी घरीच जोहर अदा करू लागतो. नवरा आखातात आणि बायको रत्नागिरीकडच्या गावात, अशा घरांत तर बाहेरची सगळी कामे तिच्यावर असतात. बँक, शाळा, रेशन. तिनेच उंबरा ओलांडायचे थांबवले तर घर कोण चालवणार? शिवाय फोनवर नवऱ्याला सांगायचे तर तो तिकडे काळजी करत बसेल, म्हणून ती सांगतही नाही.

टाळल्याने त्या दिवसापुरते सुटल्यासारखे वाटते. पण मन त्यातून धडा घेते की गेलो नाही म्हणून वाचलो. जग लहान होत जाते. म्हणून जे टाळले त्याकडे पायरी पायरीने परत जावे लागते. पहिल्या दिवशी गल्लीच्या टोकापर्यंत, सोबतीला कोणी तरी. मग एकटीने. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. मग एका स्टेशनाचा प्रवास. प्रत्येक पायरीवर भीती निम्मी उतरेपर्यंत थांबायचे आणि तीच पायरी पुन्हा पुन्हा करायची. आठवड्याची एक पायरी झाली तरी चालेल, फक्त मागे यायचे नाही.

नजर, सावली आणि ईमान

आपल्या समाजात या आजाराच्या वाटेत दोन अडथळे येतात. एक म्हणजे जिन्न, सावली, करणी यांचा संशय. दुसरा म्हणजे ईमान कमजोर असल्याचा ठपका. "नमाज नीट अदा कर, सगळे जाईल," असे सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण पाच वेळा नमाज अदा करणाऱ्या बाईने हे ऐकले की तिला वाटते, आपली इबादतच कबूल होत नाही. आजाराच्या भीतीवर मग अपराधीपणाचे ओझे चढते. मनात येणारे भलते विचार तिला शैतानी वसवसे वाटू लागतात आणि ती ते कोणाला सांगत नाही.

खरे तर आपल्याच इतिहासात याचे उत्तर आहे. बल्ख प्रांतात 850 च्या सुमारास जन्मलेले आणि 934 मध्ये वारलेले विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' हा ग्रंथ लिहिला. शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्याचा तो ग्रंथ आहे. माणूस शरीराने आजारी पडतो तसाच मनानेही पडतो, आणि एकाचे दुखणे दुसऱ्यात उतरते, असे त्यांनी हजार वर्षांपूर्वी मांडले. राग, दुःख, भीती आणि सतत छळणारे विचार यांवर त्यांनी वेगवेगळी प्रकरणे लिहिली. अचानक दुखणे आले तर हाताशी असावीत म्हणून आपण घरात औषधे ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत, म्हणजे घाबरण्याच्या वेळी ते कामी येतात, असा त्यांचा सल्ला होता. ज्याची भीती वाटते त्याच्याजवळ पुन्हा पुन्हा जाऊन सवय करावी, हेही त्यांनी सांगितले. वर सांगितलेला पाकिटातला कागद आणि पायरी पायरीने बाहेर पडणे यांच्याशी ते ताडून पाहावे. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी या ग्रंथाच्या मानसिक आरोग्यावरील भागाचे इंग्रजी भाषांतर केल्यामुळे तो आजच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचला.

म्हणून दुआ जरूर करावी. कुरआनची तिलावत मनाला शांत करते, हा अनेकांचा अनुभव आहे. आमचे म्हणणे इतकेच की दुआमुळे दवा थांबू नये. मधुमेह झाला तर आपण दुआही करतो आणि गोळीही घेतो. मनाच्या दुखण्यालाही तोच न्याय हवा. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे हजरत सय्यद अली मीरा दातार यांच्या दर्ग्यात 'दवा आणि दुआ' हा उपक्रम चालला. तिथले मुजावर आलेल्या रुग्णांना दर्ग्याच्या आवारातच बसलेल्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवू लागले. श्रद्धा सोडावी लागली नाही आणि औषधही मिळाले.

याउलट जिथे फक्त बांधून ठेवणे चालते तिथे काय होते, तेही देशाने पाहिले आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळ्यांनी बांधलेले 28 मनोरुग्ण त्यात मरण पावले. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार मनोरुग्णाला साखळीने बांधणे आता गुन्हा आहे. उपचाराच्या नावाखाली मारहाण, मिरचीचा धूर, उपाशी ठेवणे असले प्रकार करणाऱ्या आमिलाच्या दारात घरच्या मुलीला नेणे म्हणजे घाबरलेल्या जिवाला आणखी घाबरवणे आहे.

घरच्यांनी काय बोलावे?

"काही झाले नाही, उगाच घाबरतेस," हे वाक्य आधी बंद करावे. तिला झाले आहे, ते दिसत नाही इतकेच. त्याऐवजी तिच्याजवळ बसून हळू आवाजात म्हणावे, "मी इथेच आहे. हे उतरते, आपल्याला माहीत आहे. माझ्याबरोबर सावकाश श्वास सोड." भोवती दहा माणसे गोळा होऊ देऊ नयेत. तोंडावर सपासप पाणी मारणे, कांदा हुंगवणे, अंग घट्ट आवळून धरणे यातले काही करू नये. मुले घाबरली असतील तर त्यांना नंतर सांगावे की अम्मीला त्रास झाला होता, आता बरी आहे.

दुसरी चूक प्रेमाने होते. "तू बाहेर जाऊच नको, आम्ही आणतो सगळे," असे म्हणून घरचे तिची सगळी कामे उचलतात. चार दिवस ठीक, पण पुढे हीच मदत कैद होते. मदत म्हणजे तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालणे.

लग्न ठरायच्या वयातल्या मुलीचा आजार लपवला जातो, कारण स्थळ हातचे जाईल ही भीती. लपवल्याने तो थांबत नाही, लग्नानंतर परक्या घरात तो दुप्पट जोराने समोर येतो. वेळेवर उपचार केले तर यातून बहुसंख्य माणसे चांगली सावरतात. मुलीचे त्यातच भले आहे.

उपचार, गोळ्या आणि रमजान

या आजारावर दोन उपचार खात्रीचे मानले जातात. एक म्हणजे विचार आणि वागणे यांवर काम करणारे समुपदेशन. ते साधारण दहा-पंधरा बैठकांचे असते. दुसरा म्हणजे औषधे. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम या प्रकारच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत बेचैनी थोडी वाढूही शकते, त्यामुळे घाबरून सोडू नयेत. बरे वाटले म्हणून परस्पर बंदही करू नयेत, डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. या गोळ्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती अल्प्राझोलामसारख्या तात्काळ शांत करणाऱ्या गोळ्यांची. त्या डॉक्टरांनी सांगितल्या तितकेच दिवस घ्याव्यात, मेडिकलवाल्याकडून मागून घेऊ नयेत.

रमजानमध्ये या आजाराची माणसे गोंधळतात. दिवसातून एकदा घ्यायची गोळी बहुधा इफ्तार किंवा सहरीच्या वेळी बसवता येते, पण तो बदल महिना सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारूनच करावा. डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर आजारी माणसाला दिलेली सवलत घेण्यात कमीपणा नाही. सहरीला पाणी भरपूर प्यावे. इफ्तारनंतर एकापाठोपाठ एक कडक चहा टाळावा, कारण चहा-कॉफीने धडधड वाढते. झोपेचे तुकडे पडतात, म्हणून दुपारी थोडी झोप घ्यावी.

खर्चाची काळजी असेल तर सरकारी रुग्णालये आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे येथे मनोविकार विभाग आहेत. ठाणे, पुण्यातील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण तपासणी होते, तिथे जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. घराबाहेर पडणेच अवघड असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. दिवस-रात्र कधीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. सतत निराशा वाटत असेल, जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर त्याच दिवशी फोन करावा. वाट पाहू नये.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी जण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांतले काही आपल्याच मोहल्ल्यात राहतात. अलीकडे कोणी बाजारात दिसेनासे झाले असेल, जमाअतमध्ये यायचे थांबले असेल, लग्नाला येताना दरवेळी निमित्त सांगत असेल, तर या आठवड्यात त्यांच्या घरी जावे. प्रश्नांची सरबत्ती न करता बसावे, आणि बोलले तर पूर्ण ऐकून घ्यावे.